कुमुदआत्याने पकडलेली गळती

आत्तेभावाचा, मंदारचा, फोन आला तेव्हा मी ठाकुर्लीत भाजी घेत होतो. "आई गेली रे," एवढंच तो म्हणाला. सकाळचा चहा पिऊन आत्या खुर्चीत बसली होती, ती बसल्या जागीच गेली. त्याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे हळू आवाजात बोलतात, "बिचारी एकटी राहायची," म्हणतात, आणि माझं डोकं फिरतं. कुमुदआत्या बिचारी कधीच नव्हती. ती जिंकणारी बाई होती, आणि तिचा एक विजय तर मी हातात टॉर्च धरून पाहिलेला आहे.

आत्या कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होती. नवरा लवकर गेला, मंदारला तिने एकटीने वाढवलं, आणि निवृत्त झाल्यावर, लोक गुडघ्यांच्या तक्रारी सुरू करतात त्या वयात, गाडी चालवायला शिकून एक जुनी छोटी गाडी घेतली. कोपरच्या सोसायटीतल्या मैत्रिणींना घेऊन ती कधी टिटवाळ्याला, कधी अंबरनाथच्या देवळात जायची. "आता कुणाला विचारावं लागत नाही," म्हणायची. चार वर्षांपूर्वी त्या गाडीला गळतीचा रोग लागला. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं कूलंट आठ-दहा दिवसांत कपभर कमी व्हायचं, आणि जातं कुठे ते दिसायचं नाही. तीन मेकॅनिक झाले. एकाने रेडिएटर बदलला, दुसऱ्याने त्याचं झाकण, तिसरा म्हणाला इंजिनच उघडावं लागेल. तेवढ्यात पत्रीपुलाजवळ गाडी तापली, बॉनेटमधून वाफ निघाली, आणि मागे बसलेल्या दोघी घाबरून रस्त्यातच उतरल्या. पुण्याहून मंदार आला तो धुमसतच. "मी बोललेलो तुला, आई. रविवारी दहाला माणूस येईल, गाडी घेऊन जाईल. विषय संपला."

आत्याने वाद घातला नाही. गुरुवारी तिने मला बोलावून घेतलं. "गाडी गेली की मी घरात बसले, विनय. मग कुठे जायचं, कधी जायचं, सगळं तुम्ही ठरवणार... तीन दिवस आहेत माझ्याकडे. आधी सांग, तू गाडीला काय काय करतोस?" मी तिचा लाडका भाचा. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की गाडी तापू नये म्हणून मी येता-जाता कूलंटच्या बाटलीत नळाचं पाणी टाकतो. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हिरवा रंग तूच घालवलास. आणि रोज सकाळी रमेश सोसायटीतल्या सगळ्या गाड्या धुतो. खाली पाणी दिसलं तर ते बादलीतलं की इंजिनातलं, हे सांगणार कोण?" मदत करतोय असं समजून मी इतके महिने चोरावर पांघरूण घालत होतो.

त्याच संध्याकाळी तिने पाणी काढून टाकायला लावलं आणि गर्द हिरवं नवं कूलंट भरून घेतलं. रमेशला सांगितलं, रविवारपर्यंत माझ्या गाडीला हात लावायचा नाही. "ताई, चेअरमन मला ओरडतील," तो म्हणाला. "त्यांना माझ्याकडे पाठव." चेअरमन काही आले नाहीत. शुक्रवारी गाडी फिरवून आणली आणि खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. शनिवारी सकाळी पाहतो तर कागद कोरडा ठणठणीत, पण बाटलीतली पातळी खाली गेलेली. मला वाटलं, संपलं. आत्या मात्र खूश. "खाली पडत नाही म्हणजे वाटेत कुठेतरी अडून सुकतंय. गॅरेजात गाडी पोचते तीच तापलेली. गार इंजिनात अजून कुणी शोधलेलंच नाही." दुपारी पुन्हा एक फेरी मारली आणि संध्याकाळी इंजिन निवल्यावर तिने स्वतःच्या टाल्कम पावडरचा डबा आणला आणि प्रत्येक नळीवर, प्रत्येक जोडावर पावडर भुरभुरवली. त्या खटाऱ्याला न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास यायला लागला.

रविवारी सकाळी गाडी सुरू न करताच आम्ही बॉनेट उघडलं. मंदारही खाली आला, हाताची घडी घालून उभा राहिला. आत्या प्लास्टिकच्या स्टुलावर चढून आत वाकलेली, तिच्या हातात माझा दाढीचा आरसा. पुढच्या सगळ्या नळ्या पांढऱ्याशुभ्र. मधला भागही पांढरा. "उजेड मागे घे," ती म्हणाली. "अजून मागे..." इंजिनाच्या पाठीमागे, जिथे हात जेमतेम पोचतो तिथे, हीटरकडे जाणाऱ्या नळीच्या टोकाशी पावडरीत एक बारीक हिरवा ओघळ उतरला होता. नळीचं रबर जुनं होऊन कडक झालेलं. गार झालं की ते टोक आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्यातून सैल पडायचं, तापलं की फुगून घट्ट बसायचं. पाझरलेला थेंब खालच्या कडेवर थांबायचा आणि गाडी चालू झाली की तिथेच वाळून जायचा.

"मंदार, इकडे ये. बघ," आत्या शांतपणे म्हणाली. त्याने पाहिलं. मग तोच नाक्यावरच्या मेकॅनिकला घेऊन आला, आणि अर्ध्या तासात नळी आणि पट्टा दोन्ही नवे लागले. दहा वाजता गाडी न्यायला माणूस आला, त्याला तिने पोहे दिले. "तुम्हाला हेलपाटा पडला. गाडी विकायची नाही, खाऊन मात्र जा." दुपारी तिने आम्हा दोघांना गाडीत घालून ठाण्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. तापमानाचा काटा अर्ध्यावरून हलला नाही. मी वाटभर ओरडून ओरडून तिचं कौतुक केलं. माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या दिवसांपैकी तो एक.

त्यानंतर चार वर्षं, जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, ती कुणालाही न विचारता हिंडली.

परवा मंदार आणि मी गाडीपाशी गेलो. गाडीचं काय करायचं, हे ठरवायचं होतं. बॉनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीवर जखमेवर लावतात तसली पांढरी चिकटपट्टी लावलेली दिसली. तिच्यावर आत्याने पेनाने एक आडवी रेषा मारलेली, आणि शेजारी तिच्या बारीक अक्षरात तारखा, दर महिन्याची एक, ती गेली त्या महिन्यापर्यंत... मंदारने खिशातून चष्मा काढला आणि खाली वाकून पाहिलं.

हिरवं कूलंट बरोबर रेषेवर होतं.