मागच्या सीटची खिडकी

"तुला काय, सवयच आहे!" हे वाक्य आत्याने इतक्यांदा ऐकलंय, की आता कुणी नुसतं "तुला काय" म्हटलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आत्या म्हणजे शाळेची व्हॅन चालवणारी. दोन भावांची मिळून सहा पोरं तिला आत्या म्हणतात ते बरोबरच आहे, पण बहिणीची तिघं, ज्यांची ती हक्काची मावशी, तीही त्या सहांच्या नादाने आत्याच म्हणायला लागली. वय अठ्ठेचाळीस, आवाज हॉर्नपेक्षा मोठा, आणि गिअर टाकून टाकून डाव्या खांद्यात कायमची कळ. व्हॅनचा धंदा मूळ वडिलांचा. ते अंथरुणाला खिळले तेव्हा ही चोवीस वर्षांची होती, घरात थोरली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पोरं दप्तरं घेऊन फाटकांत उभी राहणारच होती. ती चाकावर बसली ती बसलीच. दोन्ही भाऊ आणि बहीण त्या व्हॅनवर शिकले, नोकरीला लागले, त्यांची लग्नं झाली. हिचं राहून गेलं. 'राहून गेलं' असं घरचे म्हणतात. ती म्हणते, "तुम्ही राहू दिलंत."

चोवीस वर्षांत तिच्या व्हॅनमध्ये एक पोर विसरलं गेलं नाही. शेवटचं मूल उतरलं की ती गाडी बंद करून मागे जाते आणि प्रत्येक सीटवर हात ठेवते, वाकून खाली बघते, मगच चावी खिशात. घाईत असो, तापाने फणफणलेली असो, हात ठेवणारच.

पण घरच्या पोरांची गोष्ट निराळी. दर उन्हाळ्यात नऊच्या नऊ पोरं घेऊन ती समुद्राकाठी जाते, सहा तासांचा रस्ता. आईबाप मागाहून शनिवारी निवांत येतात, चार दिवस घरातली शांतता उपभोगून. तर या नऊ जणांना तिने वयाप्रमाणे नंबर दिलेत. गाडी सुरू करायच्या आधी ती ओरडते, "हजेरी!" आणि तेरा वर्षांची थोरली पुतणी "एक!" म्हणते, की दोन, तीन, चार करत गाडी नऊवर येते. नऊ म्हणजे धाकट्या भावाची चार वर्षांची पोरगी. ती घराबाहेर तोंडच उघडत नाही. तिचा नंबर तिचा भाऊ म्हणतो. तो स्वतः सहा. आधी "सहा!", मग सात-आठ झाले की पुन्हा तोच, "नऊ!" तीन वर्षं असंच चाललंय, आणि आत्यालाही ते गोड वाटायचं. पुढे काय होणार होतं हे कळलं असतं तर गोड वाटलं नसतं.

या वर्षी तिने नाही म्हणून सांगितलं होतं. चांगलं दोन महिने आधी, सगळ्यांना एकत्र बसवून. दुसरी एक व्हॅनवाली तिची मैत्रीण आहे, तिच्याबरोबर आठ दिवस डोंगरात जायचं ठरलं होतं. डोंगराचंही एवढं काही नव्हतं. तिला फक्त दुसऱ्या कुणीतरी चालवलेल्या बसमध्ये, मागच्या सीटवर, खिडकीशी बसून झोपायचं होतं. आयुष्यात एकदा. रस्त्याकडे न बघता.

"अगं, डोंगर काय पळून जातोय?" धाकटा हसून म्हणाला. "पोरांनी मित्रांना सांगूनसुद्धा ठेवलंय. आणि तुला काय, सवयच आहे!"

बहीण म्हणाली, "आम्हाला नाही गं जमत ताई इतकी पोरं. डोकं फिरतं."

जणू हिचं डोकं लोखंडाचं! तरी ती नाहीच म्हणाली. आणि ठरलेल्या दिवशी पहाटे सहाला दारात नऊ पोरं उभी, पाठीवर बॅगा, डोक्यावर टोप्या, आणि त्यांना सोडायला आलेल्या गाड्या वळून गेलेल्यासुद्धा. पोरांसमोर काय बोलणार? तिने मैत्रिणीला फोन केला. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं." हे जास्त लागलं.

तर अशी ती दात-ओठ खात निघाली. एकाला उलटी झाली, दोघांना एकाच वेळी वेगवेगळ्या दिशेची खिडकी हवी होती, आणि पाच नंबरने एकच प्रश्न तासभर विचारला, "आलं का?" अडीच तासांनी रस्त्याकाठच्या एका हॉटेलात थांबली. खाणं झालं, हात धुऊन झाले, पोरं गाडीत चढायला लागली, आणि तेवढ्यात बहिणीचा फोन.

"ताई, माझ्या तिघांना उन्हाचं क्रीम लावलंस का? आणि मधल्याला खिडकीशी नको बसवू, त्याला वारा बाधतो."

"मग तू ये आणि बसव!"

"असं काय बोलतेस? साधं विचारलं!"

कानाला फोन, एका हातात चावी, आणि त्या भांडणातच ती ओरडली, "हजेरी!" मागून एक, दोन, तीन आलं. सहा आलं. नऊ आलं. तिने दार सरकवलं आणि निघाली. शाळेच्या गाडीत ती असं कधीच करत नाही. कधीच नाही.

बावीस किलोमीटरनंतर तीन आणि चार नंबरची मारामारी जुंपली.

"ती माझी जागा आहे!"

"तुझी कुठे? ही रिकामीच आहे केव्हापासून!"

"रिकामी कशी असेल?" आत्याने आरशात बघितलं. "कुणाची जागा आहे ती?"

 मग सहा नंबरचा रडवेला आवाज आला, "आत्या, मी चुकून म्हणालो. मी नेहमी म्हणतो ना, तसं तोंडातून गेलं."

ती वळायला जागा शोधू लागली. आणि रस्ता कसला? मध्ये दुभाजक, वळायला जागा आणखी आठ किलोमीटर पुढे. ती आठ किलोमीटर तिने उलट्या दिशेने चालवली, पोरीपासून दूर दूर जात, आणि तोंडाने अखंड शिव्या देत होती. रस्ता बांधणाऱ्याला, बहिणीच्या क्रीमला, पहाटे सहाला वळून गेलेल्या गाड्यांना. पण सगळ्यात जास्त स्वतःला. सीटवर हात ठेवायला किती वेळ लागला असता? परक्यांच्या चाळीस पोरांसाठी रोज ठेवतेस आणि घरच्या नऊ जणांसाठी नाही ठेवलास, भवाने! पोरांनी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सगळी सीटला चिकटून बसली होती. थोरलीने आत्याच्या फोनवरून हॉटेलच्या बिलावरचा नंबर लावून पाहिला, तो बंद होता. मग घाबरून तिने घरच्या ग्रुपवर लिहिलं.

झालं. मिनिटभरात धाकट्याचा फोन. थोरलीने स्पीकरवर लावला.

"लक्ष कुठे होतं तुझं? चाळीस पोरं सांभाळतेस ना रोज? सवय असलेल्या माणसाकडून असं होतंच कसं?"

"सवयीनेच झालं," आत्या म्हणाली. "ठेव फोन. मी गाडी चालवतेय."

दुसऱ्या भावाने ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकलं आणि लिहिलं, "काळजी घ्या." हा त्याचा सगळा हातभार.

शेवटी हॉटेल दिसलं, पण रस्त्याच्या पलीकडे. दुभाजकाच्या कुंड्यांवरून आत्याला मोठी काळी छत्री दिसली, त्याच जागी जिथे तिने व्हॅन लावली होती. छत्रीखाली कोण आहे ते दिसेना. उडी मारून पलीकडे पळावं असं पायांना वाटत होतं, पण आठ पोरं वाहत्या रस्त्यात सोडून कशी जाणार? तिला डोळ्यांदेखत हॉटेल मागे टाकून पुढे जावं लागलं, तीन किलोमीटर, वळून पुन्हा तीन. सहा नंबर एव्हाना हमसून हमसून रडत होता.

पोरगी तिथेच होती. व्हॅनच्या रिकाम्या जागेत, पांढऱ्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध, मांडी घालून. पार्किंगचा म्हातारा राखणदार तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता आणि त्याचा दुसरा हात रुमालाने बांधलेला.

"तुमची का ही?" तो चिडून म्हणाला. "उचलून सावलीत न्यायला गेलो तर चावली हो! नाव सांगत नाही, पाणी घेत नाही. नुसतं जमिनीकडे बोट दाखवते. तासभर उभा आहे मी असा!"

आत्यानेच शिकवलं होतं सगळ्यांना, चुकलात तर जिथे गाडी होती तिथून हलायचं नाही, मी येणार. पोरीने ते शब्दशः पाळलं होतं. आत्याने तिला उचललं तेव्हा तिचे पाय तापलेले होते. पोरगी रडली नाही. आत्याच रडली, रागारागाने, नाक ओढत, राखणदारासमोर. मग तिने त्याचा बांधलेला हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी फोन लावून ती म्हणाली, "सापडली. ठीक आहे. पण मी इथून हलत नाही. या."

दुपारी दोनला धाकटा आणि बहीण एका गाडीतून आले. धाकट्याने लेकीला छातीशी धरलं, आणि मग तिला खांद्यावर ठेवूनच वळला. "हजेरी घेतली होतीस ना तू? मग हिचा नंबर कोण म्हणालं?"

सहा नंबर थोरलीच्या मागे लपला.  बापाचा हात त्याला माहीत होता.

"कुणी नाही," आत्या म्हणाली. "मी मोजलंच नाही. माझी चूक आहे, शंभर टक्के माझी. मागे जाऊन सीटवर हात ठेवायला हवा होता, नाही ठेवला. त्यासाठी मला जे बोलायचं ते आत्ता बोलून घे."

तो बोलला. बरंच बोलला. बहीणही बोलली, मग क्रीमचं आठवल्यावर गप्प झाली. आत्याने सगळं ऐकून घेतलं. आणि त्यांचं संपल्यावर खिशातून चावी काढून धाकट्याच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"पोरांना समुद्र बघायचाय. अजून साडेतीन तास आहेत. चालव."

"मी? ताई, नऊ पोरं घेऊन? मला या गाडीची सवय नाही!"

"होईल," आत्या म्हणाली. "मला झाली ना? आईच्या पोटातून घेऊन आले होते का मी? चोवीस वर्षांची होते मी तेव्हा! पहिल्या दिवशी बंद पडली चौकात, मागचे हॉर्न मारत होते, आणि गाडीत तूही होतास, दप्तर घेऊन, रडत. तेव्हा कुणी म्हणालं नाही मला, की ताई, तुला सवय नाही. आणि दर वर्षी 'सवयच आहे, सवयच आहे'! अरे, माझ्या जिवाला काही हवं असेल, हे एकदा तरी मनात आलं का तुमच्या?"

हॉटेलातले दोन-चार जण खाणं सोडून बघायला लागले. धाकट्याने बहिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "मी मागून गाडी घेऊन येते," आणि लगबगीने निघाली.

आत्या सरळ मागच्या सीटवर गेली आणि खिडकीशी बसली. तिथे बसलेल्या चार नंबरने तोंड उघडलं, तिचा चेहरा बघितला आणि जागा सोडली. धाकटा चाकावर बसला, आरसा इकडे-तिकडे फिरवला, सीट पुढे घेतली, मागे घेतली, गाडी सुरू केली.

"मोजलीस?" मागून आवाज आला.

त्याने गाडी बंद केली. "हजेरी," तो हळूच म्हणाला.

"मोठ्याने! आणि उतर, मागे ये, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेव!"

तो उतरला. वाकून वाकून मागे आला, थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. एक. दोन. तीन. स्वतःच्या मुलापाशी आला, तेव्हा मुलाने मान खाली घालून "सहा" म्हटलं. सात, आठ झाले, आणि मुलाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. धाकट्याचा हात लेकीच्या केसांवर थांबला.  

"नऊ," पोरगी म्हणाली, बापाकडे न बघता, मागे आत्याकडे बघत.

धाकटा चाकावर जाऊन बसला. आत्याने खिडकीला डोकं टेकवलं. हॉटेलच्या फाटकातून निघताना त्याने गिअर चुकवला, गाडी खडखडली, दोन गचके खाल्ले आणि पोरं किंचाळली. आत्याने डोळे उघडले नाहीत.