वरचा थर आधी जळतो

आमच्याकडे तवा टाकायला आलेली बाई तवा टाकून सरळ निघून गेली, असं सात वर्षांत एकदाही झालं नाही. आधी उभी राहते. मग पदराने वारा घेते. मग म्हणते, "हा तवा ना, आमच्या सासूबाईंचा..." आणि झालं! अर्धा तास गेला. असे किस्से साठत साठत एवढे झालेत की माझा नवरा म्हणतो, तुम्ही तवे कमी आणि गोष्टी जास्त घासता. त्याला काय जातंय बोलायला? त्याच्या रिक्षात बसलेला माणूस मालाड स्टेशन आलं की उतरतो तरी. आमच्या बायका उतरत नाहीत.

चाळीच्या मागे विहिरीपाशी मोकळी जागा होती. गिरण्यांचा संप लांबला, पुरुष घरी बसले, तेव्हा मी आणि इंदूताईने तिथे हे काम सुरू केलं. बिडाचे जुने तवे, कढया, अप्पेपात्रं. कुणाला गंज चढलेला, कुणावर वीस-वीस वर्षांचं जळकट तेल थापून बसलेलं. त्याच सुमाराला बाजारात ते नॉनस्टिक आलं. बायकांनी बिडाचे तवे माळ्यावर फेकले आणि दोन वर्षांत नॉनस्टिकचे पापुद्रे पोळीला लागायला लागल्यावर गुपचूप खाली काढले. मेल्यांनो, आधीच ऐकायचं होतं.

काम सोपं, पण अंग मोडून घेणारं. शेण्या आणि नारळाची सोडणं पेटवून त्या आगीत तवा पुरायचा. वरचं सगळं जळून गेलं की वाळूने घासायचा, धुवायचा, धुतल्या धुतल्या कोरडा करायचा. मग नारळाची शेंडी तेलात बुडवून फिरवायची आणि तापवायचा. असं सात वेळा, तेव्हा कुठे तवा काळाभोर होतो आणि घावन न चिकटता सुटतो. घासणं माझं, जाळणं आणि तेल पाजणं इंदूताईचं. गिऱ्हाईक आणायची फिलू. ती मढची, डोक्यावर पाटी घेऊन घरोघर मासळी विकायची आणि येताना पाटीतून तवे आणायची.

इंदूताई मालवणकडची. बोलायची आमच्यासारखंच, पण मनातलं काही निघालं की मालवणीत निघायचं. आणि तिचं नाक! तवा आगीत गेला की ती बाजूला पाटावर बसायची आणि डोळे मिटायची. मला म्हणायची, "शांते, वरचा थर आधी जळतो. म्हणून वास उलटे येतात. कालचा आधी, आजेसासूचा मागून."

मी म्हटलं, हो, आणि पुढच्या जन्मीचा कधी येतो? ती हसली नाही.

पहिला दणका दिला तो मुलुंडच्या एका बाईंच्या तव्याने. त्यांच्याकडे कांदासुद्धा चालत नाही. दोनदा बजावून गेल्या, आमचा तवा दुसऱ्यांच्या तव्यांबरोबर जाळू नका. एकटा जाळला. इंदूताई डोळे मिटून बसलेली, मध्येच म्हणाली, "बोंबील."

मी फिलूच्या पाटीकडे बघितलं. पाटी तिथे नव्हतीच, फिलू आली नव्हती त्या दिवशी. इंदूताई म्हणाली, वरच्या थरात नाही, बराच खाली आहे, सुका बोंबील, रोज नाही, अधूनमधून.

आता गप्प बसावं की नाही? पण मला कुठला दम निघतो. बाई तवा न्यायला आल्या तेव्हा मी विचारलंच. त्या आधी लाल झाल्या, मग पांढऱ्या पडल्या. मग विहिरीच्या कठड्यावर बसल्या. त्यांच्या सासूबाई फार कडक सोवळ्याच्या. दर बुधवारी दुपारी स्वयंपाकघराचं दार आतून लावून जप करायच्या. दारावर टकटक केलेली चालायची नाही. बाई हळूच म्हणाल्या, "तरीच म्हटलं, जपानंतर एवढा ऊद कशाला जाळतात!"

यानंतर एक कढई आली, तिच्यामुळे मात्र इंदूताई दोन दिवस जेवली नाही.

फिलूनेच आणलेली. चांगली मोठी, तळ उलथण्याने घासून घासून खोलगट झालेला. म्हणजे पंधरा-वीस वर्षं तरी कुणीतरी रोज ढवळलेलं. आगीत घातली. एक तास, दोन तास, वासच नाही. तेलाचा नाही, तिखटाचा नाही, कसलाच नाही. तिसऱ्या तासाला इंदूताई उठली आणि लांब जाऊन उभी राहिली. म्हणाली, "हिच्यात कोण कधी जेवलाच नाय गो. ढवळीत मात्र होते." रोज चुलीवर चढणारी रिकामी कढई आणि ती ढवळत बसलेली कोणीतरी बाई, हे चित्र काही डोळ्यांसमोरून जाईना.

फिलू आल्यावर तिला फैलावर घेतलं. कुठून आणलीस ही अवदसा? ती म्हणाली, आमच्या मढच्या बंगल्यातून, जिथे शूटिंग होतं तिथून. सामानात पडून होती, मुकादमाने दिली. म्हणजे पंधरा-वीस वर्षं सिनेमातल्या आया त्या कढईत कॅमेऱ्यासमोर नुसतं उलथणं फिरवत होत्या! आम्ही पोट धरून हसलो. इंदूताईसुद्धा हसली. पण कढई तिने घरी न्यायला साफ नकार दिला, आणि मीही नेली नाही.

माझा अजूनही विश्वास नव्हता. म्हणून एकदा तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. माझाच तवा गुपचूप दुसऱ्या तव्यांत मिसळला, गिऱ्हाइकाचा म्हणून दिला. ती बसली डोळे मिटून. चपात्या म्हणाली, मेथी म्हणाली, मुलाच्या वाढदिवसाला केलेलं काहीतरी गोड म्हणाली. मी मनात म्हटलं, हे काय, कुणाच्याही तव्यात मिळेल. मग ती थांबली.

"इथे तेल नाय," ती म्हणाली. "नुसता पीठ नि पाणी. भाकरीपण मोजक्याच. शांते, त्या वर्षी तू जेवत नव्हतंस."

संपाचं पहिलं वर्ष. मी पोरांना आणि नवऱ्याला वाढायची आणि म्हणायची, माझं झालं मघाशी. माझ्या नवऱ्याला हे आजतागायत माहीत नाही. मला असा राग आला! कुणी सांगितलं होतं तुला माझ्या तव्यात तोंड घालायला, असं वाट्टेल ते बोलले. मग तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या दिवसापासून मी तिच्या नाकाची टिंगल केली नाही.

आता एवढं सगळ्यांचं कळणारी बाई, तिला स्वतःच्या नवऱ्याचं मात्र काही कळत नव्हतं.

तो दत्ताराम. संपाच्या दुसऱ्या वर्षी म्हणाला, दहिसर नाक्यापलीकडे वॉचमनची नोकरी आहे, राहायची खोली देतात, बघून येतो. हाताने करून खायला म्हणून इंदूताईचा माहेरचा तवा मागून घेतला आणि गेला तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. गावाहून दिराची पत्रं यायची, ती मी तिला वाचून दाखवायची. देवळात कौल लावला, भाऊ गेला असा कौल मिळाला, तेव्हा वहिनीने हट्ट सोडावा, गळ्यातलं उतरवावं, आम्हाला त्याचे दिवस करू द्यावेत. घरात आजारपणं आहेत, त्याचा आत्मा अडकून पडलाय. चार वर्षं हेच. चाळीतल्या बायकाही हळदीकुंकवाला बोलवू का नको, अशा तोंडाने बघायच्या. आणि इंदूताई दर पत्राला एकच उत्तर द्यायची.

"तवा घेऊन गेलेला माणूस मरायला जात नाही."

मला ते पटायचं. पण रात्रंदिवस त्या एका वाक्यावर जगणारी बाई बघवत नव्हती.

त्या वर्षी गणपती विसर्जन झालं आणि पितृपक्षाच्या तोंडावर एक मुलगी तवा घेऊन आली. बावीस-तेवीसची असेल, पोटुशी, चेहऱ्याने गरीब. दहिसरहून आलेली. तिने तवा साबणाच्या पाण्यात भिजत घातला आणि दोन दिवस विसरली, त्यामुळे पार लालेलाल. म्हणाली, यांचा फार जीव आहे तव्यावर, हे मालकाच्या कामाला बाहेरगावी गेलेत, यायच्या आत नीट करून द्या. नवमीला लागेल. घरात म्हाळ आहे.

मी ठेवून घेतला. गंजाखाली काही ओळखू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आगीत घातला. इंदूताई पाटावर बसली. लसूण म्हणाली, सुकट म्हणाली, नवी बाई आहे, हात अजून बसला नाही म्हणाली. मग तिने डोळे उघडले. आणि त्या वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, मलाही वास आला. कोकमाच्या तेलाचा. थंडीत टाचांना लावायला इंदूताईच्या माहेराहून त्याच्या वड्या यायच्या, म्हणून मला तो वास ठाऊक. आम्ही गिऱ्हाइकांच्या तव्यांना खोबरेल लावायचो. कोकमाचं तेल पाजलेला तवा मला एकच माहीत होता, तोही तिच्या तोंडून ऐकलेला.

इंदूताईने चिमट्याने तवा आगीतून ओढला. पूर्ण जळू दिला नाही. तळचा थर तसाच ठेवला आणि त्यावर सात वेळा तेल पाजलं. चार दिवस ती माझ्याशी फक्त "शेंडी दे" आणि "वाळू संपली" एवढंच बोलली.

नवमीच्या दोन दिवस आधी मुलगी आली. तवा बघून हरखली. इंदूताईने तिला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि साध्या आवाजात विचारलं, "म्हाळ कोणाचा गं घरात?"

"यांच्या पहिल्या बायकोचा," मुलगी म्हणाली. "अहेव गेली ना ती, नवऱ्याच्या आधी, म्हणून नवमीला. संपात ताप आला, दवाखान्याला पैसे नव्हते. यांच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. हा तवा तिचाच. म्हणून घावन याच तव्यावर करायचे, आणि पहिला तिच्या पानात."

माझ्या हातातून वाळूचं घमेलं पडलं. इंदूताईने माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बसून वाळू गोळा करायला लागले. देवाशपथ सांगते, मला त्या क्षणी दहिसरला जाऊन त्या माणसाला कॉलर धरून फरफटत आणायचं होतं. पण ती पोर समोर पोटावर हात ठेवून बसली होती.

"कावळो शिवता?" इंदूताईने विचारलं.

मुलीचा चेहरा उतरला. "नाही ना, ताई. तीन वर्षं झाली. पान ठेवलं की कावळे समोरच्या भिंतीवर येऊन बसतात, पण उतरत नाहीत. हे दुपारपर्यंत हात जोडून उभे असतात. तुझं काय राहिलंय ते सांग, मी करीन, असं म्हणतात. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात. मला भीती वाटते हो. आता तर मूल व्हायचंय. तिचं मन कशात अडकलंय काही कळत नाही."

इंदूताईने तवा वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली आणि तिच्या हातात दिला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आता शिवतलो," ती म्हणाली. "घाबरू नको."

मुलगी गेल्यावर तिने मला पेन घेऊन बसवलं. दिराला लिही म्हणाली, भावाचं काय ते करून टाका, माझी हरकत नाही. मी पेन आपटलं. म्हटलं, इंदूताई, जिवंत आहे तो! धडधाकट आहे, बाप होतोय! त्याचे दिवस कसले करतेस?

"मग मी तरी खंय मेलंय?" ती म्हणाली.

मी पत्र लिहिलं. नवमीच्या दिवशी ती कामाला आली, पण सकाळपासून काही खाल्लं नाही. दुपारी बाराच्या सुमाराला भिंतीला टेकून तिचा जरा डोळा लागला, एवढंच.

दोन दिवसांनी मुलगी आली, तोंडभर हसत. पान ठेवलं, हात जोडायच्या आत कावळा उतरला. घावन घेतला, वडा घेतला, खीरसुद्धा सोडली नाही. हे लहान मुलासारखे रडले म्हणाली, चार वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोपले. तुमच्या हाताला गुण आहे हो ताई.

इंदूताई शेंडी तेलात बुडवत होती. तिने मानही वर केली नाही.

"घावण्यात मीठ कमी होतां गो," ती म्हणाली.