चिनारावर न लागलेला कागद

त्सोन्का पोस्टात होती तेव्हापासून मी तिची शेजारीण. बाई कामाला वाघीण, पण हट्टी. निवृत्त झाली, मुलानं मिलानहून भारीतला फोन पाठवला आणि हिनं नेटवर आमच्या गावाचा ग्रुप काढला.

सुरुवातीला मजा होती. कुणाची मांजर हरवली, पाणी कधी जाणार, लोणच्याच्या मिरच्या कुठं स्वस्त, सगळं त्सोन्काला माहीत. बाजारात बायका तिला अडवून बातम्या विचारायच्या. मग हळूहळू सगळे पांगले. तरुण पोरं दुसऱ्याच कुठल्या अ‍ॅपवर नाचायला गेली, म्हाताऱ्यांचे पासवर्ड हरवले. उरले ते परदेशातले. अर्धा बल्गेरिया बाहेर पोटामागे धावतोय. गावाची आठवण आली की ती मंडळी ग्रुप उघडून दोन फुलं टाकायची.

"अगं, तुझी जत्रा उठत आलीय," मी एकदा म्हटलं.

"तू तुझ्या कोंबड्या सांभाळ, गिना. सगळं जग आहे त्यात, ते कुठं जातंय?"

या हिवाळ्यात तिचा नवरा मेतोदी गेला. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला सोफियात होते.

माणूस गेलं की त्याच्या फोटोचा कागद दारावर, बसथांब्यावर आणि चौकातल्या चिनारावर लावायचा, ही आमची रीत. सकाळी पाव आणायला निघालेला माणूस आधी चिनार वाचतो, मग दुकानात शिरतो. त्सोन्कानं एकही कागद लावला नाही. चाळिसाव्याच्या, म्हणजे गेलेल्याच्या नावानं गहू वाढायच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मी परतले आणि तिचं दार कोरं बघून हादरलेच.

"पावसात त्याचा चेहरा ओघळतो गं," ती म्हणाली. "मला नाही बघवणार. ग्रुपवर टाकलंय मी. तिथं तो कायम राहील. हे बघ, किती मेणबत्त्या आल्यात."

स्क्रीनवर मेणबत्त्या खरंच ढीगभर होत्या. व्हॅलेन्सियाच्या, हॅम्बुर्गच्या, शिकागोच्या.

"आणि मर्तिकाला कोण होतं?"

"घरचे होते. थंडी होती म्हणून कुणी आलं नसेल. उद्या येतील. आपल्या माणसांनी त्याच्या नावाचा घास घ्यावा, एवढंच हवंय मला."

दुसऱ्या दिवशी तिनं मोठं पातेलंभर गहू शिजवले, साखर-अक्रोड घातले, अंगणात लांब टेबल मांडलं. दुपार झाली तरी मी, पाद्री आणि तिची बहीण, एवढेच. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. फोन मात्र सारखा टुणटुणत होता.

पाद्री गेल्यावर फाटक वाजलं. नायदेन होता. मेतोदीचा सोंगट्यांचा जोडीदार, नदीपलीकडे एकटाच राहणारा. दोघं शरद ऋतूत फाशावरून भांडले होते, तेव्हापासून अबोला. काखेत सोंगट्यांचा पट.

"वहिनी, त्या रेड्याला बाहेर बोलवा," तो म्हणाला. "किती फुगून बसायचं माणसानं? शेवटी मीच आलो. सांगा त्याला, फासा नीट पडला होता, माझंच चुकलं."

त्सोन्का बाजूला सरकली. नायदेनचं लक्ष टेबलाकडे गेलं. गहू, मेणबत्ती, फोटो. त्यानं टोपी काढली.

"कधी?"

"आज चाळिसावा," मी म्हटलं.

"मी रोज चिनार बघतो, वहिनी," तो म्हणाला. "आजारी असेल का, असं यायचं मनात. पण कागद नाही म्हणजे बरा आहे, असं समजून मी पुन्हा रागावून बसायचो."

त्सोन्कानं वाटीत गहू वाढले. निम्मे खाली सांडले. घास घेताना 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं असतं. नायदेननं चमचा उचलला आणि तसाच धरून राहिला.

"त्यानं मला क्षमा केली असती का हो?" त्यानं विचारलं.

टेबलावर फोन पुन्हा वाजला. आणखी एक मेणबत्ती आली होती. त्सोन्कानं तो पालथा घातला आणि मला म्हणाली, "गिना, घरात कणीक आहे. कागद चिकटवायला खळ करून दे मला."