पोपट बसलेलं अक्षर

गुरुवारी सकाळी आमच्या डिंडोलीत, लग्नपत्रिका छापतात त्या प्रेसमध्ये, माझ्या जिभेनं मला चांगलंच अडकवलं. पण आज आनंदात आहे म्हणून लिहायला बसले. चुका सांभाळून घ्या, माझी शाळा दुसरीपर्यंतच.

तर माझी नात निकिता कॉम्प्युटरवर अक्षरं बनवते. त्याला फॉन्ट म्हणतात. मला आधी वाटायचं, अक्षरं काय बनवायची, ती तर आहेतच की... पण हिच्या अक्षरांचा नट्टापट्टा वेगळाच. वेलांटी म्हणजे मोराची मान, काना म्हणजे केळीचा खांब, कुठे पानं, कुठे पोपट, आणि सगळ्या अंगावर चमकत्या टिक्या.

त्या टिक्या माझ्यामुळे. पंधरा वर्षं मी घरी बसून साड्यांवर टिक्या चिकटवल्या, ही माझ्या मांडीला टेकून मोठी झाली. आमच्या घरात भाजीतसुद्धा टिकी सापडायची. फॉन्टचं नावही तिने 'टिकी'च ठेवलंय.

प्रेसवाल्या सुभाषभाऊंनी हा फॉन्ट घेतला, तर या लग्नसराईत पत्रिकांवरची नावं त्यातच छापणार होते. नाही घेतला, तर सोमवारपासून निकिता पलसाण्याला मिलच्या ऑफिसात... तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, तसं सांगूनच ठेवलं होतं. तोही चुकीचा नाही. त्याच मिलमध्ये रंगाच्या वाफेत दिवसभर उभा असतो तो, त्याला पोरीसाठी पक्की खुर्ची हवी.

मी उगाच सोबत गेले. हौस, दुसरं काय.

सुभाषभाऊ स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, दिसतं झकास. पण वाचणार कोण? आपल्या खानदेशी पत्रिकेत अख्खी भावकी असते. गावाकडच्या म्हाताऱ्याला स्वतःचं नाव सापडलं नाही तर तो मांडवात पाय ठेवत नाही, आणि शिव्या मला."

हे खरंच आहे हो. माझ्या नणंदेकडे एका नावावरून दोन घरं अजून एकमेकांच्या हळदीला जात नाहीत... ते जाऊ द्या.

मी मध्येच बोलून बसले, "मला येतं की वाचता. दुसरी शिकलेल्या बाईला येतं म्हणजे सगळ्यांना येईल."

निकिताने माझा पदर ओढला. कारण घरी मी जे वाचायचे, ते तिने मला आधीच सांगितलेलं असायचं. सगळं पाठ होतं मला...

भाऊंनी खुर्ची सरकवली. "बस मग माय. हाई वाच." त्यांनी स्वतः पुतण्याच्या लग्नातली सतरा नावं टाइप केली आणि त्या फॉन्टमध्ये छापून कागद माझ्यापुढे ठेवला.

मला काहीच दिसेना. नुसती पानं, मोर, टिक्या... मागे मशीनची खटखट चाललेली. निकिता नखं खात होती, ती सवय तिची दहावीनंतर सुटली होती.

मग सवयीनं बोट कागदावर गेलं. साडीवर टिक्या लावायच्या आधी कापडावर ठिपक्यांचा छापा मारलेला असतो. त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं की कळतं, फूल कुठून वळणार. तसंच फिरवलं... आणि 'स' वळला. मग 'ख'. सखाराम. मग हिरामण, भिका, सुकदेव... घाम पुसत पुसत सोळा नावं झाली.

सतराव्याला अडले. पुढे 'वि' लागला, शेवटी 'बाई' लागलं. मध्ये नुसता पोपट. दोनदा बोट फिरवलं, तरी पोपटच.

आणि गंमत अशी, की ते नाव मला माहीत होतं. सुभाषभाऊंची आई, विठाबाई. आमच्याच गल्लीतली. नुसतं तोंड उघडायचं होतं... निकितालाही ते माहीत होतं. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले मला.

मी कागद खाली ठेवला. "भाऊ, तुमच्या आईचं नाव आहे ते, मला ठाऊक आहे. पण मी ते वाचलं नाही. इथे पोपट बसलाय, अक्षर दिसत नाही."

निकिताने मान खाली घातली. मला वाटलं, झालं... मीच पोरीला पलसाण्याला पाठवलं.

भाऊंनी कागद उचलला, आईच्या नावावरून स्वतः बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे बाकीची सोळा तू खरीच वाचली." आणि निकिताला म्हणाले, "पोपट उडव पोरी. बाकी चालेल."

तिने उडवला नाही. तिथेच बसून त्याला वरच्या रेघेवर बसवलं, खाली 'ठ' मोकळा झाला.

काल भाऊंच्या पुतण्याची, या फॉन्टमधली पहिली पत्रिका घरी आली. मुलाने जेवता जेवता घेतली, विठाबाईपाशी थांबला, डाव्या हाताने पोपटावरून बोट फिरवलं. मग पोरीकडे न बघता म्हणाला, "सोमवारचं राहू दे."

मी गेले होते मला येतं म्हणून सांगायला... आणि नातीच्या कामी आलं ते मला न आलेलं एक अक्षर.