गुलाबी मँगनीज

मानोऱ्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. तांड्यावरच्या एका मुलीने गुलाबी दगड मांडून खाली ‘मँगनीज’ असं लिहिलं होतं. मँगनीजचे दगड काळे असतात, असं मी इतकी वर्षं शिकवत आलो. मी ते खोडून ‘चुनखडी’ लिहिलं आणि तिला बाद केलं.

तिची आई पुढे आली. भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीत ती दरवर्षी काही महिने मजुरीला जायची. तिने दगड उलटा करून वरचं काळं कवच दाखवलं.

“सर, उन्हापाण्यात पडलं का हे असं काळं पडते. चुनखडी असंन तर टाका ना तुमचं अ‍ॅसिड!”

मी टेबलावरच्या बाटलीतला थेंब टाकला. चुनखडीवर येतो तसा फेस आलाच नाही. तिने खिळा घासला, पण ओरखडाही उठला नाही. मँगनीज आणि सिलिकाचं हे खनिज, ऱ्होडोनाइट, मी फक्त पुस्तकात वाचलं होतं, कधी पाहिलंच नव्हतं.

ती हसली. “तुमी बुकात वाचलं, म्या टोपल्यानं वाह्यलं.”

मी माइकवरून चूक कबूल केली आणि मुलीला पहिला क्रमांक दिला. तिच्या कार्डावर तांड्याचं नाव वाचूनच माझं मत ठरलं होतं, हे मात्र तेव्हा बोलवलं नाही. ते आज लिहितोय. ती बाई त्या वेळी दगड डोक्यावर धरून, लेकीचा हात ओढत, टाळ्यांच्या कडकडाटात मंडपभर मिरवत होती.