तालाचं बटण
जनरेटरच्या डिझेलचा वास आला की मला सावंगीच्या आमच्या कॉलनीतला गणपतीचा मांडव आठवतो. मी तेव्हा दहावीत होते आणि वर्षभर घोटलेली पियानोची एक संथ पाश्चात्त्य रचना घरच्या कीबोर्डवर पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवत होते. मांडवात उकडत होतं, मागून महाप्रसादाच्या वांग्याच्या भाजीचा वास येत होता. दोन मिनिटं लोकांनी कसंबसं ऐकलं. मग कोणीतरी ओरडलं, "काऊन रडवून राह्यली वं? मयतीले आलो का आपण?" मांडवभर हशा पिकला. पुढच्या खुर्चीवरच्या काकू मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला म्हणाल्या, "आपलं एक भजन येत नाई इले, अन् इंग्रजायचं वाजवते." शिट्ट्या सुरू झाल्या. मी मान खाली घालून वाजवत राहिले. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष लगबगीने मंचावर आले आणि त्यांनी कीबोर्डवरचं तालाचं बटण दाबलं. माझ्या हळुवार सुरांखाली ढिकच्याक ढिकच्याक सुरू झालं, आणि मांडवाने पहिल्यांदा टाळ्यांचा ठेका धरला. "पाह्य, आता कसं जमलं!" माझी पाठ थोपटत ते म्हणाले. मला वाचवलं असंच त्यांना वाटत होतं. मी हात काढून घेतले, स्टुलावरून उठले आणि मंचावरून उतरले. ढिकच्याक चालूच राहिलं, टाळ्याही चालूच राहिल्या. आता मी मोठ्या सभागृहांत खऱ्या पियानोवर वाजवते. टाळ्या पडल्या तरी मी हसत नाही, म्हणून लोक मला शिष्ट म्हणतात. म्हणोत. रिकाम्या स्टुलाला पडलेल्या टाळ्या त्यांनी कुठे ऐकल्यात?