कारखान्यातल्या सिस्टर

ताई कुणालाही "कसा आहेस?" असं विचारत नसत. "आज काय उचललंस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. ब्रिस्टलजवळ विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सॉफ्टवेअर सांभाळायला गेलो, तेव्हा त्या तिथे नर्स होत्या. मूळच्या नागपूरच्या. गोरे कामगार नर्सला म्हणतात तसं त्यांना 'सिस्टर' म्हणत, आम्ही चार मराठी माणसं 'ताई'. "म्हणजे नातं एकच झालं," त्या म्हणायच्या.

मी फक्त कीबोर्ड उचलतो, असं मी पहिल्या दिवशी गमतीनं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या टेबलाशी आल्या, खुर्ची खाली केली, स्क्रीन वर केला. पुण्याहून सोबत आणलेली माझी मानदुखी महिन्याभरात गेली.

मग एका वर्षी कंपनीनं वेलनेस प्रोग्रॅम काढला. कॅन्टीनमध्ये फळांच्या टोपल्या आल्या, आणि ताई भारतीय, म्हणून योगाचा वर्ग त्यांच्या गळ्यात पडला. त्यांनी तो घेतला, पण त्यातच सुरक्षेचं ट्रेनिंगही हवं म्हणून हटून बसल्या. मॅनेजर भला माणूस होता. तो म्हणाला, "सिस्टर, सेफ्टी आपण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतोच. इथे लोकांना जरा बरं वाटू द्या."

"सफरचंद खाऊन तुटलेलं बोट परत येत नाही," ताई म्हणाल्या. "संध्याकाळी धडधाकट घरी जाणं, हेच पहिलं वेलनेस."

त्यामुळे आसनं संपली की सगळी वरात शॉप फ्लोअरवर, यंत्रांच्या भागात निघायची. पार्ट धुण्याच्या मोठ्या टाक्यांत रसायनांची वाफ कोंडायची; त्या आतून साफ करायला माणूस उतरायचा, त्याच्या अंगाला पट्टा आणि दोर, बाहेर एक सोबती. ताईंचं एकच पालुपद: "आतला पडला तर त्याच्यामागे उतरायचं नाही. अलार्म द्यायचा, दोर ओढायचा." पॉल नावाचा वेल्डर दर वेळी चिडवायचा, "मग सोबती कशाला, सिस्टर?" त्या म्हणायच्या, "बाहेर राहायला."

त्याच हिवाळ्यात टाकीत हवा सोडणारा पंखा बंद पडला आणि आतला माणूस कोसळला. तो पॉलचा सख्खा भाऊ होता, आणि बाहेर पॉलच उभा होता. अलार्म ऐकून मी धावलो, तेव्हा पॉल आणि आणखी तिघं दोर ओढत होते. ताई ऑक्सिजन घेऊन आल्या. थोड्या वेळानं भाऊ खोकला, त्यानं डोळे उघडले. पॉल भिंतीला टेकून रडत होता. "माझा एक पाय शिडीवर होता, सिस्टर. पण मी आत गेलो नाही."

ताईंनी त्याचे दोन्ही हात धरले. "म्हणून तुम्ही दोघंही आज घरी जाणार."

त्यानंतर ते ट्रेनिंग प्रोग्रॅममधून काढायची भाषा कुणी केली नाही. ताई दोन वर्षांनी निवृत्त होऊन लेकीकडे ग्लासगोला गेल्या. जायच्या आधी त्या एकदा सुरक्षेच्या वर्गात शिकायला बसल्या. आता वर्ग पॉल घेत होता. त्यांनी पट्टा चढवला, तसा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "सिस्टर, हा सैल आहे. परत बांधा."

ताईंनी निमूटपणे पट्टा सोडून परत बांधला. बाहेर पडताना माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "पाहिलंस ना? मलासुद्धा सोडलं नाही त्यानं."

इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.